पावती एकाची, इमारत दुसऱ्याची

गिरगावात, दादरला किंवा लालबागला कुणी म्हणालं, ‘आम्ही आमची खोली विकली’, तर ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ओनरशिपची की पागडीची?’ उत्तर ‘पागडीची’ असेल, तर घडलेलं असतं ते असं: जी खोली त्या माणसाच्या मालकीची कधीच नव्हती ती त्याने विकली. घेणाऱ्यालाही ती आपल्या मालकीची होणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, तरी त्याने लाखो रुपये मोजले. आणि ज्याची ती खरोखर आहे, त्या घरमालकाने त्या रकमेतला साधारण एक तृतीयांश हिस्सा घेऊन नव्या माणसाच्या नावाने भाडेपावती फाडली. तिघेही खूश, निदान त्या दिवसापुरते. पुढच्या महिन्यापासून नवा भाडेकरू भाडं देऊ लागतो. ते इतकं किरकोळ असतं की पोचवायला टॅक्सीने गेलं तर टॅक्सीलाच जास्त पडावेत.

बाहेरगावच्या पाहुण्याला हा व्यवहार समजावून सांगताना दमछाक होते. विकलं काय, तर पावती. म्हणजे हातभर लांबीच्या पुस्तकातून फाडलेला कागदाचा कपटा, त्यावर मालकाची सही. मुंबईच्या जुन्या वस्तीत या कपट्याला लाखोंची किंमत आहे आणि इमारतीच्या मालकीपत्राला त्या मानाने फारशी नाही. हे आक्रीत कुणा एकाच्या लबाडीतून झालेलं नाही. एक कायदा झाला, तो त्या वेळी गरजेचा होता, आणि मग तो तसाच राहिला.

मुंबईत भाड्यावर पहिल्यांदा सरकारी लगाम आला तो पहिल्या महायुद्धात, १९१८ साली. युद्धामुळे महागाई भडकली होती, शहरात माणसं येत होती, नवं बांधकाम थांबलं होतं, आणि भाडी मालक म्हणेल त्या दराने चढत होती. युद्धाची निकड सरली आणि काही वर्षांनी तो कायदाही विरला. दुसऱ्या महायुद्धाबरोबर १९३९ मध्ये नियंत्रण परत आलं, १९४४ मध्ये सुधारून आलं आणि स्वातंत्र्याच्या वर्षी त्याला पक्कं रूप मिळालं. ‘मुंबई भाडे, हॉटेल आणि निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ हे त्याचं भारदस्त नाव. लोकांनी त्याचं ‘रेंट ॲक्ट’ केलं. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला.

त्या कायद्याचा गाभा एका तारखेत होता: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचं जे भाडं होतं, ते तिचं ‘प्रमाण भाडं’. त्याहून जास्त मागणं बेकायदा. आणि भाडेकरू ते भाडं व कायद्याने मान्य केलेली किरकोळ वाढ देत राहील, तोवर त्याला काढता येणार नाही. मालकाला स्वतःला राहायला जागा हवी असेल, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला असेल किंवा जागेची नासधूस केली असेल, अशी मोजकी कारणं सोडली तर घर त्याचंच. पुढे तो वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांचं.

त्या काळी हे चूक होतं असं म्हणवत नाही. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९४१ साली सुमारे १८ लाख होती, १९५१ मध्ये ती ३० लाखांच्या आसपास गेली. फाळणीने घरं गमावलेले निर्वासित बोटींतून आणि गाड्यांतून उतरत होते. कोकणातून, घाटावरून गिरण्यांसाठी माणसं येतच होती. अशा शहरात भाडी मोकळी सोडली असती तर लालबाग-परळचा कामगार फुटपाथवर आला असता. रिकामी खोली असली तर मालकाने ती सरकारला कळवायची आणि सरकारने हवी तर ती आपल्या माणसासाठी ताब्यात घ्यायची, असाही कायदा १९४८ मध्ये झाला. आणीबाणीच्या काळात माणूस शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरतो, त्यातलाच हा प्रकार. प्रश्न इतकाच, की पाऊस पडल्यावरही आपण किती वर्षं त्याच विहिरीवर जायचं, आणि दोर-बादली दुरुस्त कुणी करायची.

१९४७ चा कायदा मुदतीचा होता. सुरुवातीची मुदत मार्च १९५० पर्यंतची. ती संपत आली की विधिमंडळ ती वाढवून देई. पुन्हा संपे, पुन्हा वाढे. असं करत तो कायदा अर्धशतक जगला. एका इमारतीत मालक एक आणि भाडेकरू वीस; मतदानाच्या दिवशी हे गणित कुठल्याही पक्षाला न शिकवता येतं.

आता थोडी आकडेमोड. समजा, गिरगावात तळमजला अधिक तीन अशी एक इमारत आहे. बिऱ्हाडं वीस. १९४० मध्ये प्रत्येकाचं भाडं २५ रुपये. म्हणजे मालकाला महिन्याला ५०० रुपये. त्या काळात एवढ्यात मध्यमवर्गीय कुटुंब सुखात जगून जिन्याला रंगही देऊ शकत होतं. अनेक छोट्या मालकांनी इमारती उभारल्या त्या याच हिशेबाने. पेन्शन नसलेल्या जमान्यात दोन मजल्यांची चाळ हीच म्हातारपणाची काठी असे. बायकोचे दागिने विकून, सासऱ्याकडून हातउसने घेऊन बांधलेली, पुढेमागे विधवा झालेल्या सुनेला महिन्याचा आधार देणारी.

मग भाडं गोठलं, पण बाकी काहीच गोठलं नाही. सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी, नळाची जोडणी, पालिकेचे कर, सगळं वाढत गेलं. १९४० ते २००० या साठ वर्षांत आपल्या काल्पनिक इमारतीचं मूळ भाडं २५ रुपयेच राहिलं. नवा कायदा आला तेव्हा त्यात पाच टक्के वाढ मिळाली, म्हणजे झाले सव्वासव्वीस. नंतर दरवर्षी चार टक्के. ही वाढ चक्रवाढीने धरली आणि मालकाने ती एकही वर्ष न चुकवता लावली, तरी २०२५ मध्ये भाडं होतं साधारण ७० रुपये. वीस बिऱ्हाडांचे १४०० रुपये महिन्याला, १६,८०० वर्षाला. वाढीव कर आणि उपकर भाडेकरूंकडून वेगळे वसूल करता येतात हे खरं, पण तो पैसा मालकाच्या हातून जातो, हातात उरत नाही.

या १६,८०० रुपयांत मालकाने इमारत ‘सुस्थितीत’ ठेवायची, असं कायदा सांगतो. ठेवली नाही तर भाडेकरूने रीतसर नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त कापता येणार नाही. आपल्या भाडेकरूचं वर्षाचं भाडं ८४० रुपये. त्याची चौथाई २१०. एवढ्यात गच्चीचं गळणं थांबवायला गवंडी सोडाच, गवंड्याचा मदतनीससुद्धा शिडी चढणार नाही. मालकावर कर्तव्य आहे, भाडेकरूला हक्क आहे, आणि दोन्ही कागदावर अगदी सुरेख दिसतात.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला किमतीची कमाल मर्यादा म्हणतात आणि पुढे लिहिलेलं असतं, की अशाने टंचाई येते. मुंबईत टंचाई आलीच, पण इथली खरी गोष्ट टंचाईच्या पुढची आहे. एखाद्या वस्तूची बाजारातली किंमत आणि कायद्याने ठरवलेली किंमत यांत मोठी दरी पडली, तर त्या दरीतला पैसा नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी खिशात जातो. खोलीचं खरं भाडं पाचशे असताना पावती पंचवीसची असेल, तर महिन्याचे पावणेपाचशे रुपये वाचवण्याचा हक्क ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडे मालमत्ताच आहे. ती विकताही येते. त्या विक्रीलाच आपण पागडी म्हणतो.

जुन्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता. म्हणून ती रोखीत, पिशवीतून, साक्षीदाराविना घेतली जाई. काळ्या पैशाला मुंबईत जी अनेक घरं मिळाली, त्यांतलं हे एक. तरी सगळं शहर ती देत-घेत राहिलं, कारण तिच्याशिवाय खोली हलतच नव्हती. शेवटी १९९९ च्या कायद्याने डोळे मिटणं सोडून दिलं आणि कलम ५६ मध्ये भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी मोबदला घ्यायला मुभा दिली. चाळीत पन्नास वर्षं चाललेला व्यवहार एका ओळीत पांढरा झाला.

यातून मालकीची फाळणी झाली. ती इतकी हळूहळू झाली की दोघांपैकी कुणालाच तिची तारीख सांगता यायची नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव मालकाचं. घराचं मोल भाडेकरूच्या पावतीत. मालक विकायला गेला तर घेणारा विचारतो, ‘आत माणसं किती?’ भाडेकरू विकायला गेला तर घेणारा विचारतो, ‘मालक पावती बदलून देईल ना?’ कुणालाच पूर्ण घर विकता येत नाही, आणि म्हणूनच पूर्ण घर सांभाळावंसंही कुणाला वाटत नाही. मालक म्हणतो, मला मिळतं काय की मी प्लास्टर करू? भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या इमारतीवर मी का खर्च करू? दोघांचंही बरोबर आहे, आणि तेवढ्या वेळात छपराचा वासा कुजतो.

इथे भाडेकरूला खलनायक करण्याचा मोह टाळायला हवा. मालकांच्या बाजूने लिहिणारे नेहमी मलबार हिलवरच्या किंवा मरीन ड्राइव्हवरच्या श्रीमंत भाडेकरूचं उदाहरण देतात: चार खोल्या, समोर समुद्र, भाडं नाममात्र. असे भाडेकरू आहेतच. पण ताडदेवच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने ती खोली फुकट मिळवलेली नसते. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी गावची जमीन विकून, गिरणीतला प्रॉव्हिडंट फंड काढून पागडी भरलेली असते. त्याच्या दृष्टीने त्याने घर विकतच घेतलेलं आहे. त्यात मालक एक तृतीयांशाचा भागीदारही होता. त्याला आज ‘तू सत्तर रुपयांत राहतोस’ म्हणून हिणवणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

दुसरीकडे, सगळे मालक बिचारे नव्हेत. पावती नाकारणं, मग भाडं थकवल्याचा दावा लावणं, पाण्याची मोटार ‘बिघडणं’, जिन्यातला दिवा महिनोन्महिने न लावणं, हे उद्योग जुन्या चाळींत सगळ्यांनी पाहिलेत. म्हणून तर भाडेकरू वर्षानुवर्षं भाडं मनीऑर्डरने पाठवत. मालकाने नाकारलं तर परत आलेली मनीऑर्डर हाच पुरावा. धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात अशी किती परत आलेली कूपनं फायलींना टाचलेली असतील. नाव लघुवाद, पण वाद दोन पिढ्या चालतो.

माझं म्हणणं वेगळंच आहे. रेंट ॲक्टने गरिबाला निवारा द्यायचं ठरवलं, हे कल्याणकारी सरकारचं काम होतं. पण त्याचं बिल सरकारने स्वतःच्या तिजोरीतून दिलं नाही. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्याच्या नावावर भाड्याची इमारत होती त्याच्या नावावर ते फाडलं. ज्याच्याकडे पन्नास इमारती होत्या त्याने ते भरलं, इतर धंद्यातून भरून काढलं. ज्याच्याकडे एकच होती, तो त्यात बुडाला. कायद्याने या दोघांत फरक केला नाही. निवृत्त सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना जागा लवकर परत मिळावी, अशी सोय कायद्यात आहे. भाडेकरू मोठी कंपनी असेल तर २००० पासून तिला संरक्षण नाही. म्हणजे भाडेकरूचं भांडवल कायद्याने मोजलं. मालकाची ऐपत मात्र त्याने कधी विचारली नाही.

ती विचारता येत नाही असं नाही. न्यूयॉर्कमधलं भाडे स्थिरीकरण सर्वसाधारणपणे सहा किंवा जास्त घरांच्या जुन्या इमारतींनाच लागू होतं. चार-पाच बिऱ्हाडांचा मालक त्यातून सुटतो. सॅन फ्रान्सिस्कोत अशा छोट्या इमारतींना असलेली सूट १९९४ मध्ये मतदारांनी काढून घेतली. पुढे स्टॅनफर्डच्या तीन अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम मोजला. नियंत्रणाखाली आलेले भाडेकरू आपल्या घरात जास्त काळ टिकले, हे कायद्याचं यश. पण अशा इमारतींच्या मालकांनी घरं विकली, पाडून नवी बांधली, आणि त्या इमारतींतली भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी घटली. उरलेल्या शहरात भाडी पाचेक टक्क्यांनी चढली. आत असलेल्याला छत्र आणि बाहेरच्याला पाऊस, असा त्याचा अर्थ.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं हा एके काळी या शहरातला प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. १९५० नंतर तो मेला. बिल्डरांनी भाड्याची चाळ सोडून ‘ओनरशिप’ फ्लॅट बांधायला घेतले, आणि १९६३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदाही झाला. ज्याच्याकडे फ्लॅट घ्यायला पैसा नाही आणि पागडी भरायलाही नाही, त्याला उरली झोपडपट्टी. अर्थात सगळं पाप रेंट ॲक्टच्या माथी मारणं बरोबर नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आणि चटई क्षेत्राच्या कडक मर्यादा यांचाही हात आहे. पण भाड्याचं घर नावाची वस्तूच बाजारातून उठली, यात भाडेकायद्याचा वाटा कुणी नाकारत नाही. देशाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार भारतीय शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं.

भाडेकायद्याची त्याच काळातल्या कुळकायद्याशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. १९४८ च्या कुळकायद्याने आणि नंतरच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी छोट्या जमीनदारांना, त्यांत शहरात नोकरीला गेलेले मास्तर होते, विधवा होत्या, तो घाव जिव्हारी लागला. मोबदला तुटपुंजा होता. पण एक घाव दोन तुकडे झाले. जमीन कुणाची, हा वाद निदान तत्त्वतः मिटला आणि कूळ आपली म्हणून बांध घालू लागलं. शहरातल्या कायद्याने असं काही केलं नाही. त्याने मालकाला घर सोडवू दिलं नाही आणि भाडेकरूला घर दिलंही नाही. फारकतही नाही आणि नांदणूकही नाही.

न्यायालयात हा प्रश्न वारंवार गेला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला, त्यामुळे मालकांच्या हातातलं मुख्य हत्यार बोथट झालं होतं. त्यांनी समानतेच्या कलमाचा आधार घेतला. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मोठ्या प्रमाणात मानलं. जन्माच्या वेळी योग्य असलेला कायदा काळ पालटल्यावर अन्यायी होऊ शकतो, आणि १९४० चं भाडं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र त्या रद्द केल्या नाहीत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती आणि सरकार नवा कायदा आणतो म्हणत होतं. मालक जिंकले आणि भाडं होतं तिथेच राहिलं, असा हा निकाल.

नवा ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. त्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा इथले तीन वेगळे जुने कायदे एकत्र केले. पाच टक्के आणि वर्षाला चार टक्के ही वाढ याचीच. घाव घालणारी कलमं त्यात एक-दोनच होती. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणाबाहेर काढल्या, म्हणजे फोर्टातल्या ज्या कचेऱ्या चाळीच्या दराने चालत होत्या त्यांना बाजारभाव दिसला. घरगुती भाडेकरूला हात लावायला मात्र कुणी धजावलं नाही.

दरम्यान इमारती पडू लागल्या होत्या. साठच्या दशकातच हे सरकारच्या ध्यानात आलं आणि १९६९ मध्ये कायदा करून दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या १९,६४२ जुन्या खासगी इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवण्यात आला. यांतल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. तीच तारीख. उपकराच्या पैशातून दुरुस्ती मंडळाने टेकू लावायचे, खांब बदलायचे, अगदीच मोडकळीला आलं तर पाडून बांधायचं आणि तोवर माणसांना संक्रमण शिबिरात ठेवायचं. जे काम भाड्यातून व्हायला हवं होतं, ते भाडं गोठवल्यामुळे सरकारकडे आलं. सरकारकडे पैसा कमी पडला, आणि संक्रमण शिबिरात मुलं जन्मून लग्नाला आली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली आणि तीसहून जास्त माणसं दगावली. पावसाळा लागला की यादीतल्या अतिधोकादायक इमारतींची नावं वर्तमानपत्रांत येतात. लोक वाचतात आणि तिथेच राहतात. पावती सोडून जाणार कुठे?

१९८६ मध्ये सरकारने कुळकायद्याच्या वाटेने जाण्याचा एक प्रयत्न केला. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत घेऊन त्यांना देऊ शकेल. मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. ऐकायला शंभर पट भारदस्त वाटतं. आपल्या गिरगावच्या इमारतीला लावून पाहा: पाचशे गुणिले शंभर, म्हणजे पन्नास हजार रुपये. वीस बिऱ्हाडांची इमारत आणि तिच्याखालची जमीन, तीही गिरगावातली! आधी कायद्याने भाडं गोठवायचं आणि मग त्याच गोठलेल्या भाड्यावरून किंमत ठरवायची, ही युक्ती ज्याला सुचली त्याचं कौतुक करावं की काय, कळत नाही.

घरमालकांच्या संघटनेने याला आव्हान दिलं. उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते फेटाळलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पाच न्यायमूर्तींकडून सातांकडे, २००२ मध्ये नऊ जणांकडे, आणि तिथे बावीस वर्षं थांबलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. प्रश्न असा होता, की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मध्ये समाजाच्या भल्यासाठी वाटायची जी ‘भौतिक साधनसंपत्ती’ म्हटली आहे, तीत प्रत्येकाची खासगी मालमत्ता येते का? बहुमताने उत्तर आलं, सरसकट येत नाही. एखादी खासगी मालमत्ता तीत येऊ शकते, पण ती कसली आहे, किती दुर्मीळ आहे, ती मोजक्या हातांत एकवटल्याने समाजाचं काय होतं, हे पाहावं लागेल. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांचा विरोधी निकाल होता. गिरगावच्या जिन्यात सुरू झालेल्या भांडणातून देशाच्या आर्थिक विचारावरचा मोठा निकाल निघाला; जिना मात्र अजून तसाच.

मुंबईत आता तोडगा म्हणून पुनर्विकास आहे. विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली बिल्डरला जादा चटई क्षेत्र मिळतं. त्यातून जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर फुकट आणि उरलेलं बाजारात. पावतीवाला अखेर मालक होतो. बिल खरेदीदारांच्या आणि शहराच्या गर्दीच्या खात्यावर जातं. हे तिथेच जमतं, जिथे जमीन सोन्याच्या भावाची आणि प्लॉट पुरेसा मोठा असतो. दोन हजार चौरस फुटांच्या तुकड्यावरच्या, शेजारच्या भिंतीला भिंत लागलेल्या छोट्या इमारतीकडे बिल्डर फिरकत नाही. छोटा मालक इथेही मागे राहतो.

पुण्यात तर दुरुस्ती मंडळही नाही आणि उपकरही नाही. सदाशिव, शनिवार, कसबा पेठेतल्या वाड्यांचे मालक बहुधा त्याच वाड्यात पुढच्या सोप्यात राहणारे, मागच्या चौकात आठ-दहा भाडेकरू. पाऊस आला की मालक आणि भाडेकरू एकाच गळक्या छपराखाली बादल्या मांडतात, फक्त एक जण दुसऱ्याला दरमहा काही रुपये देतो. वाडा पडला तरी सुटका नाही. पालिकेने वास्तू पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीला चिकटून राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. पेठांमधून जाताना पत्र्याच्या कुंपणाआड उंबराची झाडं वाढलेले रिकामे चौक दिसतात. ते रिकामे नाहीत. त्यांत आठ-दहा पावत्या राहतात.

आणि आजचा छोटा मालक? तो आता चाळीचा मालक नाही. डोंबिवली, कोथरूड किंवा नाशिकमध्ये गुंतवणूक म्हणून घेतलेला एक दोन खोल्यांचा फ्लॅट, हीच त्याची इस्टेट. त्याला ‘भाडेकरू’ हा शब्दच नको असतो. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारीला जागेत असलेले सगळे परवानाधारक एका रात्रीत भाडेकरू ठरले, तेव्हापासून हे भय मालकांच्या रक्तात उतरलंय. म्हणून ‘लीव्ह अँड लायसन्स’. नवा कायदा त्याला बराच आधार देतो: मुदत संपूनही माणूस गेला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद, आणि तोवर दुप्पट शुल्काची भरपाई. तरी भीती जात नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या घरात रिकामी घरं मोजली गेली, देशात सर्वांत जास्त. ती सगळीच भीतीपोटी कुलपात नसतील, पण काही नक्की आहेत. घरांच्या जाहिरातींत ‘फक्त कंपनी लीज’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. एक कोटी भांडवलाच्या कंपनीला रेंट ॲक्ट लागू नाही, हे दलालाने मालकाला समजावलेलं असतं.

अलीकडे एका ओळखीच्या काकांच्या फ्लॅटचा करार नोंदवायला मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. मुदत किती टाकू, असं त्याने विचारलं. ‘अकरा महिने,’ काका म्हणाले. त्याने सांगून पाहिलं की काका, महाराष्ट्रात आता अकरा असो की छत्तीस, करार लेखी करून नोंदवावाच लागतो, अकराचा काही उपयोग नाही, दरवर्षी माझी फी मात्र जाईल. काकांना ते पटलंही. मग ते म्हणाले, ‘आमच्या वडिलांनी ठाकूरद्वारच्या घरातली मागची खोली एका मित्राला दोन महिन्यांसाठी दिली होती. त्याचा नातू आहे आता तिथे. तू अकराच टाक.’